दहा ते एक गॅस बंद : चार डब्यांचा पेटी सोलर कुकर, सांगलीच्या गच्चीवर

भाकरी यात होत नाही. फोडणी बसत नाही, तळणाचं तर नावच नको. सोलर कुकर घेतला म्हणून जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या सांगली-मिरजेच्या घरातली शेगडी अडगळीत जाणार नाही. दुकानदार हे सहसा सांगत नाही, म्हणून इथं आधीच सांगून टाकलं.

तरीही ज्या घरात मुलं घरीच शिकतात, त्या घराला हा कुकर घ्या असं सांगावंसं वाटतं. त्यात गॅसची बचत दुय्यम आहे, कारण तो हिशोब फार मोठा निघत नाही. वरण-भात आणि एखादं कडधान्य यांना मिळून दिवसाला शंभरेक ग्रॅम गॅस धरा. पावसाळा आणि ढगाळ दिवस सोडून वर्षात २०० दिवस कुकर चालला तर २० किलो झाले, म्हणजे १४.२ किलोचे दीड सिलिंडरसुद्धा भरत नाहीत. पण घरशाळेत सकाळचे दहा ते एक हे तास दोघंजण मागतात. गणित आणि व्याकरण मुलांचं डोकं ताजं असतं तेव्हाच घ्यावं लागतं आणि दुपारचं जेवणही तेव्हाच शिजायचं असतं. अपूर्णांकांची बेरीज समजावताना एक कान शिट्टीकडे लागला की शिकवणं अर्धं राहतं आणि डाळ खाली लागते. पेटीत डबे ठेवल्यावर करपणं, उतू जाणं, शिट्ट्या मोजणं हे सगळं थांबतं. डाळ अर्धा तास जास्त राहिली तरी बिघडत नाही. सकाळची प्रार्थना आणि शास्त्रपाठ आटोपला की साडेनऊला डबे गच्चीवर, आणि मग एकपर्यंत स्वयंपाकघराकडे फिरकायचं काम नाही.

आता वस्तूकडे वळू. बाहेरून बघितलं तर साधारण ६० सेंमी चौरस आणि २० सेंमी उंचीची पेटी. आत अॅल्युमिनियमचा काळा तवा, त्याच्या खाली आणि चारही बाजूंनी उष्णता अडवणारी काचलोकर (ग्लास वूल) भरलेली. वर दोन काचांचं झाकण, त्याच्यावर आरशाचं दुसरं झाकण, आणि आत काळे रंगवलेले चार डबे. काचेची मोकळी जागा ५० सेंमी चौरस असेल तर ती पाव चौरस मीटर होते. भर उन्हात चौरस मीटरवर ९०० वॅट पडतात असं धरलं तर पेटीच्या वाट्याला आरशाशिवाय सव्वादोनशे वॅट येतात, आणि त्यातले अन्नापर्यंत पोचतात ते पाव-तीस टक्के. म्हणजे साठ-सत्तर वॅटवर, जुन्या पिवळ्या बल्बाइतक्या ताकदीवर जेवण शिजतं. एवढ्याशा उष्णतेत काम होतं ते ती बाहेर निसटत नाही म्हणून. त्यामुळे घेताना चकचकीत आरशावर भाळू नका. आरसा काचवाल्याकडून कधीही नवा कापून मिळतो. बघायचं ते झाकणाचं रबर.

रबर तपासायची युक्ती सोपी आहे. कागदाची पट्टी पेटीच्या काठावर ठेवून काचेचं झाकण लावा आणि पट्टी ओढा. ती अडकत, घासत आली पाहिजे. चारही बाजूंना दोन-दोन ठिकाणी ओढून बघा, कोपऱ्यांजवळ तर नक्कीच, कारण रबराचा जोड तिथंच उघडतो. पट्टी सळकन निघाली तर ती पेटी घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणाला की वापरून रबर बसेल. वापरून रबर कडक होतं, बसत नाही. दुसरं, दोन काचांमधली फट डोळ्यांनी बघा. आत धूळ किंवा ओल दिसली तर ती फट नीट बंद केलेली नाही, आणि पहिल्याच महिन्यात आत धुकं धरेल. काच टफन, म्हणजे तापवून कणखर केलेली असावी. कोपऱ्यात तसा शिक्का असतो. डब्यांचा काळा रंग ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळून पाहावा. फडकं काळं झालं तर वर्षभरात पापुद्रे निघणार.

पेटी कुकरसाठी भारतीय मानक ब्युरोचं मानक आहे, आयएस १३४२९. त्यातली रिकाम्या पेटीची चाचणी घरीही ढोबळपणे करता येते. आरसा झाकायचा, तव्यावर भट्टीत चालणारा थर्मामीटर ठेवायचा आणि भर उन्हात तवा तापायचा थांबेपर्यंत वाट पाहायची. वरच्या दर्जाच्या पेटीत ९०० वॅट उन्हाला तवा बाहेरच्या हवेपेक्षा १०८ अंशांनी जास्त तापायला हवा. एप्रिलमध्ये सांगलीची हवा ३५ अंश असेल तर १४० च्या पुढे. तुमची पेटी ११० लाच अडली तर उष्णता कुठून तरी गळते आहे. पहिला संशय रबरावर, दुसरा भिजलेल्या काचलोकरीवर. नवी पेटी आणल्यावर एक दिवस डब्यांत नुसतं पाणी ठेवून तीन तास तापवा आणि ते पाणी फेका. रंगाचा वास त्याशिवाय जात नाही आणि पहिला भात त्या वासाचा होतो.

वापरातली खरी मेख आरशाच्या कोनात आहे. सोबतच्या कागदावर बहुतेक वेळा 'आरसा सूर्याकडे करा' एवढंच असतं, आणि माणसं डिसेंबरात आणि मे महिन्यात तोच कोन ठेवतात. काचेएवढ्याच लांबीचा आरसा असेल तर हिशोब असा आहे : सूर्य क्षितिजापासून जितके अंश वर असेल त्याचे दोन-तृतीयांश घ्या, त्यात ६० मिळवा, काच आणि आरसा यांच्यातला कोन तेवढा ठेवा. सांगलीचं अक्षांश १६.८५. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सर्वांत उंच आलेला सूर्यही फक्त ५० अंशांवर असतो, तेव्हा कोन ९३ येतो, म्हणजे आरसा जवळजवळ सरळ उभा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी सूर्य ७३ अंशांवर, कोन १०९. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येतो तेव्हा, पूर्ण १२०. आरसा ८५ टक्के प्रकाश परतवतो असं धरलं तर डिसेंबरात तो काचेवरची आवक पाऊणपट वाढवतो आणि मेमध्ये चाळीसेक टक्के. थंडीत आरसा चुकला की हरभरा संध्याकाळपर्यंत कच्चा राहतो, त्याचं कारण हे. आठवीच्या वयाच्या मुलाला त्रिकोण शिकवायचा असेल तर पुस्तक मिटून कंपास पेटीतला कोनमापक गच्चीवर न्यावा. उत्तर बरोबर आलं की नाही हे परतलेल्या उजेडाचा चौकोन काचेवर नेमका बसतो का, यावरून लगेच कळतं.

वेळेचंही तसंच. सांगलीत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण भारतीय प्रमाणवेळेचं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि सांगली ७४.५७ वर, एका अंशाला चार मिनिटं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ सव्वाबारापर्यंत अलीकडे येते, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेएकपर्यंत पुढे जाते. म्हणून डबे अकराला ठेवून एकला जेवणाची अपेक्षा करू नये, आणि साडेनऊला ठेवले म्हणून फार लवकर ठेवले असंही समजू नये. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा पेटी अर्ध्या-पाऊण तासानं फिरवायची. घरशाळेत ते सोपं जातं : एक विषय संपला की एक मूल वर जाऊन पेटी फिरवून येतं. सूर्याच्या थोडी पुढे फिरवून ठेवावी, म्हणजे मधल्या वेळात सूर्यच तिच्याकडे येतो. मेमध्ये मात्र गंमत आहे. तेव्हा सूर्य सकाळभर जवळपास पूर्वेलाच वर चढतो आणि दुपारनंतर पश्चिमेला उतरतो. त्यामुळे साडेबारापर्यंत तोंड पूर्वेकडे आणि मग एकदाच पश्चिमेकडे, मधे फिरवायची गरज नाही.

शिजवण्याच्या वेळा फेब्रुवारी ते मे धरून देतो. डिसेंबर-जानेवारीत प्रत्येकीत अर्धा तास मिळवा. पाव किलो तांदळाला साडेचारशे मिली पाणी, गॅसपेक्षा थोडं कमी, कारण वाफ बाहेर जात नाही. एक ते दीड तास. २०० ग्रॅम तूरडाळ अर्धा तास भिजवून, सहाशे मिलीच्या आत पाणी. दीड ते दोन तास. मोड आलेली मटकी सव्वा तास. रात्रभर भिजलेला हरभरा अडीच ते तीन. बटाटा, रताळं, लाल भोपळा यांना पाणी अजिबात घालायचं नाही. रताळी अख्खी, कोरड्या डब्यात दोन तास ठेवली की उकडल्यापेक्षा गोड लागतात आणि हे या कुकरचं सगळ्यात चांगलं काम आहे. अंडीही कोरडीच, खाली फडक्याची घडी टाकून, सव्वा तास. पाव किलो शेंगदाणे एका सेंटिमीटरच्या थरात पसरले तर तासा-दीड तासात साल सुटतं, एकही दाणा जळत नाही. सादळलेले भडंगाचे चुरमुरे कुरकुरीत करायलाही वीस मिनिटं पुरतात. चारही डबे मिळून दोन किलोच्या वर माल नको आणि कुठलाच डबा पाऊण भागाच्या वर भरू नये. भात-डाळ पाठीमागे, आरशाजवळ, अंडी-भाज्या पुढे.

डाळ शिजली नाही अशी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, आणि बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. बोअरचं जड पाणी असेल तर त्यातला कॅल्शियम डाळीच्या सालाला आणि पेशींना घट्ट धरून ठेवतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान ११० च्या वर जातं म्हणून ते झाकून जातं, इथं पाणी शंभराच्या वर चढत नाही. आरओ फिल्टरचं पाणी वापरा. चिंच, कोकम, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच. आंबटानं तेच होतं. फोडणी खाली येऊन गॅसवर द्यायची, तीन मिनिटांचं काम.

एका गोष्टीत मात्र काटेकोर राहा. राजमा किंवा कोरेगावकडचा वाघ्या घेवडा सरळ सोलरमध्ये शिजवू नका. या घेवड्यातलं लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन पूर्ण उकळीनंच मोडतं. ७०-८० अंशांवर तासन् तास शिजलेला घेवडा मऊ होतो पण पोट बिघडवतो, उलट्या होतात. रात्रभर भिजवा, पाणी फेका, गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मगच डब्यात. चिकन चालतं, अर्धा किलो, लहान तुकडे, अडीच तास, मधला तुकडा ७४ अंशांपर्यंत गेला आहे का बघून. मटणाचा रस्सा शिजतो, पण तर्री हवी असेल तर गॅसला शरण जावंच लागतं.

रविवारी हा कुकर खरोखर कामाला येतो. चर्चची उपासना दहाची, त्याआधी मुलांची संडे स्कूल, घरी परत यायला साडेबारा-एक. साडेतीन तास पेटी फिरवायला कोणी नाही, म्हणून ती आता सूर्य आहे तिथं न करता साधारण सव्वाअकराला जिथं असेल तिथं करून जायची. डिसेंबरात ती दिशा दक्षिणेपासून पूर्वेकडे पंचवीसेक अंश. मेमध्ये पूर्व. आदल्या रात्री भिजवलेलं हरभऱ्याचं कालवण, भात आणि रताळी एवढंच ठेवावं. अशा दिवशी नवे प्रयोग नकोत. बायबलमधल्या निर्गमच्या १६ व्या अध्यायात सहाव्या दिवशीच दुप्पट मान्ना (रानात देवानं इस्राएल लोकांना दिलेलं अन्न) गोळा करून शिजवणं-भाजणं उरकायला सांगितलं आहे, आणि त्याच अध्यायात ऊन तापलं की जमिनीवरचा मान्ना वितळायचा असंही आहे. हा पाठ आणि गच्चीवरची पेटी एकाच आठवड्यात आली तर वितळायला किती अंश लागले असतील, असा प्रश्न मुलं विचारणारच, तयारीत राहा. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) बारा ते तीनची उपासना असते तिथंही हीच सोय. साडेअकराला खिचडी ठेवून पेटीचं तोंड नैर्ऋत्येकडे करून गेलं की तीननंतर उपवास सोडायला गरम खिचडी तयार, आणि मार्चअखेर-एप्रिलचं ऊन दगा देत नाही.

ढग आले तर? परत आल्यावर डबा हाताला नुसता कोमट लागला तर 'अजून तासभर ठेवू' असं म्हणायचं नाही. भिजलेलं कडधान्य ४०-५० अंशांवर दोन तास राहिलं की ते आंबायला लागतं. वास बरा असेल आणि वेळ कमी गेला असेल तर लगेच गॅसवर पूर्ण उकळी. सकाळपासून कोमटच असेल तर फेका. शंका असेल तेव्हा मुलांच्या ताटात वाढू नका.

नाताळच्या केकसाठी थोडं तपशिलात. दीडशे ग्रॅम बारीक रवा, सव्वाशे ग्रॅम दही, शंभर ग्रॅम साखर, पन्नास मिली तेल, शंभर मिली दूध एकत्र करून वीस मिनिटं मुरू द्या. मूठभर तासगावचे बेदाणे रव्याच्या पिठीत घोळवून घाला, नाहीतर ते तळाशी बसतात. अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा अगदी शेवटी. दरम्यान रिकामी पेटी डब्यासकट पाऊण तास तापलेली असली पाहिजे. मिश्रण तीन सेंटिमीटरपेक्षा जाड नको, झाकणाखाली कोरडं फडकं बांधावं म्हणजे वाफेचे थेंब केकवर पडत नाहीत. डिसेंबरात अकरा ते दीड. मधे उघडलात तर पेटीची पंधरा-वीस मिनिटांची उष्णता जाते, सोड्याचा वायू केक घट्ट होण्याआधीच संपतो आणि मधोमध खड्डा पडतो. मुलांना हेच समजावून सांगा, ती झाकणाला हात लावणार नाहीत. निदान पहिला तासभर. वरचा भाग बेकरीसारखा तपकिरी होत नाही, फिकट राहतो. चव बिघडत नाही.

मुलांच्या हाताबद्दल : काळा डबा ११० अंशांवरही गार डब्यासारखाच दिसतो. काढण्याआधी आरसा मिटायचा, जाड फडक्यानं धरायचं, झाकण स्वतःपासून लांबच्या बाजूनं उघडायचं. आरशात पाहायला सक्त मनाई.

दोष सांगायचे तर आरशाची टेकणी बऱ्याच पेट्यांमध्ये कमकुवत असते. फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात आरसा धाडकन मिटतो आणि काच तडकते, म्हणून बाजूला सुतळीचा एक फास लावून ठेवा. चाकं प्लॅस्टिकची असतात, दोन उन्हाळ्यांत पिचतात. त्याऐवजी लाकडी पाट घेऊन त्यावर पेटी फिरवलेली बरी. काचांमध्ये धुकं धरलं तर झाकणाचे स्क्रू काढून काचा पुसा, उन्हात वाळवा आणि उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉननं काठ भरा. तव्याचा रंग उडाला तर स्टोव्हला लावतात तो बिनचमक काळा रंग द्यावा. डब्यांना तो फक्त बाहेरून, आत कधीही नाही.

सांगली, मिरज आणि पूर्वेकडचे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथं हा कुकर ऑक्टोबर ते मे बिनधास्त चालतो. सातारा शहरातही ते आठ महिने अडचण नाही. पाटण-महाबळेश्वरकडच्या घरांनी घेताना पावसाचे आणि धुक्याचे दिवस आधी मोजावेत. फ्लॅटमध्ये गच्चीची किल्ली सोसायटीकडे असेल आणि दक्षिणेची बाल्कनी नसेल तर घेऊच नका. ज्यांच्याकडे दुपारचं जेवण बाराच्या ठोक्याला लागतं त्यांचंही याच्याशी पटणार नाही. सूर्य साडेबाराला माथ्यावर येतो आणि डाळही त्याच हिशोबानं चालते.

जूनचा पहिला मोठा पाऊस यायच्या आत पेटी खाली आणा. डबे घासून पूर्ण कोरडे करा, आरशाच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळा, आणि काचेचं झाकण घट्ट न मिटता मधे काडेपेटीएवढी फट ठेवा. बंद ठेवलेल्या पेटीत सप्टेंबरपर्यंत बुरशी धरते आणि तो वास चार दिवस उन्हात ठेवूनही जात नाही.